रिलेची टकटक

सासूबाईंच्या खोलीतला पंखा आठ दिवस स्वतःच्या मर्जीने चालत होता. मनात आलं की फिरायचा, मनात आलं की थांबायचा. दिवा उघडझाप करायचा आणि स्वयंपाकघरातली घंटा कुणी न बोलावता वाजायची. घंटा वाजली की सून हातातलं टाकून धावायची, सासरे चष्मा शोधत धावायचे, आणि पलंगावर पडलेल्या सासूबाई शांतपणे म्हणायच्या, "मी नाही हो बोलावलं. पण आलाच आहात तर बसा."

सहा महिन्यांपूर्वी त्या पडल्या, कंबरेचं हाड मोडलं आणि पायांनी संप पुकारला तो पुकारलाच. निदान पडल्या पडल्या फोनवरून दिवा-पंखा लावता यावा, कुणाला हाक मारता यावी, म्हणून सासऱ्यांनी आणि सुनेने मिळून हे यंत्र केलं होतं. वायफायवर चालणारा काडेपेटीएवढा बोर्ड आणि त्याला जोडलेल्या तीन निळ्या डब्या, म्हणजे रिले. फोनवरून हुकूम आला की बोर्ड डबीला खुणावतो, डबी टक् करते आणि काम होतं. पहिली दिव्याची, दुसरी पंख्याची, तिसरी घंटेची. प्रोग्राम सुनेने लिहिला, तिची नोकरीच त्यातली. तारांना सोल्डरचे डाग दिले सासऱ्यांनी.

खरी मेख इथेच होती. सासऱ्यांनी चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलेलं. गल्लीतले लोक त्यांना 'डॉक्टर' म्हणायचे आणि खऱ्या डॉक्टरांना 'ते दुसरे डॉक्टर'. पण दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग बँकेने सही जुळत नाही म्हणून कळवलं. हे यंत्र त्यांनी त्याच हाताने, हट्टाने केलं होतं. आणि आता ते असं वेड्यासारखं वागत होतं.

त्या सकाळी त्यांनी सोल्डरिंग आयर्न, भिंग, पकडी, चिमटे सगळं पेटीत भरलं आणि पेटी दाराशी नेऊन ठेवली.

"हे काय, बाबा?" सुनेने विचारलं.

"तू आज शोधणार आहेस ना काय बिघडलंय ते? तुझ्या प्रोग्रामची चूक निघाली तर पेटी परत आत. माझ्या हाताची निघाली तर कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्याला देऊन टाकतो. आजारी बायकोच्या खोलीत असलं काम करणाऱ्याने हत्यार धरू नये."

सुनेने ऑफिसात रजा टाकली होती. एरवी दुसऱ्याच्या चुका काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, ऑफिसातले लोक तिला टरकून असत. आज मात्र ती मनापासून देवाला म्हणत होती की चूक माझीच निघू दे.

देवाने ऐकलं. निदान अर्धं तरी ऐकलं. तासाभरात तिच्या लक्षात आलं की घंटेच्या रिलेसाठी तिने बोर्डावरची जी पिन निवडली होती, ती बोर्ड चालू होताना क्षणभर आपोआप जागी होते. म्हणजे बोर्ड चालू झाला की घंटा वाजणारच.

"बाबा, माझीच चूक!" ती लॉटरी लागल्यासारखी ओरडली. घंटेच्या तारेचं टोक तिने दुसऱ्या पिनवर खोचलं, प्रोग्राममध्ये एक आकडा बदलला.

"पण बोर्ड मुळात पुन्हा पुन्हा चालू का होतोय?" सासऱ्यांनी विचारलं. हात थरथरत असला तरी डोकं कुठे थरथरत होतं!

त्याचंही उत्तर लॅपटॉपच्या पडद्यावर मिळालं. दोन-तीन रिले एकदम चालू झाले की बोर्डाला वीज कमी पडत होती. तो चक्कर येऊन पडायचा आणि सावरून पुन्हा उठायचा. वीज पुरवत होता एक जुनाट मोबाईल चार्जर. तो ड्रॉवरमधून शोधून कुणी दिला होता? सुनेनेच. "हीसुद्धा माझीच चूक!" तिने जोरात जाहीर केलं आणि चांगला ॲडॅप्टर लावला. दिव्याची उघडझाप थांबली. घंटा गप्प झाली. सून पेटी आत आणायला दाराकडे निघालीसुद्धा.

तेवढ्यात पंखा थांबला. दोन मिनिटांनी आपोआप फिरायला लागला.

सासरे दुसऱ्या खोलीत जाऊन बसले. सुनेने प्रोग्राम पुन्हा वाचला, वायफाय तपासलं, राउटर जागचा हलवला. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, हे तिलाही कळत होतं. शेवटी तिने पेन्सिल घेतली आणि तिच्या मागच्या टोकाने बोर्डावर हळूच ठोकत गेली. पहिल्या रिलेपाशी काही नाही. दुसऱ्यापाशी टक्, आणि पंखा बंद. पुन्हा ठोकलं, पंखा चालू.

"ड्राय सोल्डर आहे ना?" दारातून सासऱ्यांचा आवाज आला. पेन्सिलीचा आवाज त्यांनी चाळीस वर्षं स्वतःच्या हाताखाली ऐकलेला.

"नाही बाबा, मला वाटतं वायफायचंच काहीतरी…"

"वायफाय पेन्सिलीने ठोकतात का गं? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" ते खुर्चीत बसले. "पंखा बोर्डाच्याच भिंतीवर आहे. पंखा फिरला की भिंत हलते, कच्चा डाग सुटतो. पंखा थांबला की डाग पुन्हा टेकतो. सोल्डर गार होताना तार हलली की असा डाग पडतो. तार हलली, म्हणजे माझा हात हलला."

आपण खोटंसुद्धा धड बोलू शकलो नाही, याचं सुनेला फार वाईट वाटलं.

"डाग तू देऊन टाक," ते म्हणाले.

"मला येत नाही. माझे डाग म्हणजे चिमणी बसून गेल्यासारखे."

"मग मोबाईलवाल्याला बोलाव."

"अहो," पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "इकडे आणा ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"काही नाही. आणा म्हटलं ना. पाय गेलेत माझे, हात नाही गेले."

मेन स्वीच बंद झाला. पलंगावर आडवं लावायचं जेवणाचं टेबल आलं, त्यावर भिंतीवरून तारांसकट उतरवलेला बोर्ड. आयर्न तापवायला शेजारच्या खोलीतल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून वायर ओढून आणली. सुनेने चिमट्यात तार धरली. सासऱ्यांनी आयर्न उचललं आणि त्याचं टोक हवेत नाचायला लागलं. सासूबाई उशीला टेकून बसल्या, आणि आयुष्यभर शिलाई मशीनवर कापड सरळ धरलेल्या त्या दोन हातांनी त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलं. टोक थांबलं.

"किती वेळ धरू?"

"मी सांगेपर्यंत. श्वाससुद्धा घेऊ नकोस."

धुराची बारीक रेघ वर गेली. डाग वितळला, गोल झाला, गार झाला. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने धुराला नावं ठेवली. मेन स्वीच लावून तिने पेन्सिलीने ठोकलं, पुन्हा ठोकलं, चांगलं दहा-बारा वेळा ठोकलं. पंखा फिरतच राहिला.

"झालं. सोड आता हात," सासरे म्हणाले.

सासूबाईंनी हात सोडला नाही. "आणि तो तिसरा? घंटेचा? मला तो काही बरोबर वाटत नाही हो."

सासऱ्यांनी डाव्या हाताने भिंग उचललं आणि तिसरा डाग बराच वेळ न्याहाळला. डाग मण्यासारखा गोल आणि लख्ख होता. सुनेला तो भिंगाशिवायही दिसत होता.

"हं," ते म्हणाले. "जरा शंका आहे खरी. सूनबाई, मेन स्वीच बंद कर."