बोटआई आणि काळी पाटी

मंगळवारी वडीगोद्रीहून आमच्या गावाकडे येणाऱ्या जीपच्या टपावरही जागा उरत नव्हती. कारण बोटआई. कालव्याच्या कडेला, उसाच्या दोन फडांच्या मधल्या झुडपात, जिथे गेल्या वर्षीपर्यंत शेळी बांधायलाही कोणी थांबत नसे, तिथे आता नारळाची सात दुकानं लागली होती.

बोटआईचा चमत्कार असा : देवीपुढच्या ओल्या गवतात पाच लोटांगणं घालायची, आणि दहा-बारा दिवसांत देवी तुमच्या अंगावर बोट टेकवते. जिथे टेकवते तिथे काळा डाग उमटतो, भोवती लाल कडं, बिडीचा चटका बसावा तसा. पण दुखत नाही. "दुखल कशाला? लेकराला आईचं बोट दुखतं का?" असा महाराजांचा सवाल. आणि डाग खरोखर उमटायचे! सगळ्यांना नाही, दहांत एखाद्या-दुसऱ्याला. उरलेल्या आठांची श्रद्धा कमी पडली, हे ओघानं आलंच.

डागामागून ताप यायचा. ती आईची परीक्षा. अकरा दिवस सुई नाही, गोळी नाही, फक्त अंगारा. परीक्षेत पास झालेले हार घेऊन वाजतगाजत परत यायचे. नापास झालेल्यांच्या घरून हार घेऊन कोण येणार? त्यामुळे बोटआईचा निकाल कायम शंभर टक्के.

देवीचे अधिकृत प्रवक्ते अंगुलीनाथ महाराज. दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ राधेश्याम या नावानं शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात वॉर्डबॉय होते. मधल्या काळात म्हणे हिमालयात गेले. महाराज सिमेंटच्या उंच ओट्यावर बसत, गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून, आणि त्यांच्या अंगाला एक दिव्य सुगंध येई. भक्तांसाठी नियम मात्र वेगळे. अनवाणी यायचं. गवत कापायचं नाही, कारण ते आईचे केस. आणि सुपातलं धान्य झुडपात टाकायचं नि मागे वळून बघायचं नाही.

"आईचं गायरान नांगरलं तुम्ही!" महाराज गरजायचे. "आई उघड्यावर आली. मंग ती कोपणार न्हाई? बिलकुल कोपणार!"

मी नागसेन, गावातला पशुधन पर्यवेक्षक. लोकांच्या भाषेत ढोरांचा डॉक्टर. देवीपुढून माझी मोटारसायकल रोज जायची. अंबडला चहाच्या टपरीवर मी अंगुलीनाथांची हुबेहूब नक्कल करायचो आणि लोक पोट धरून हसायचे. तीन महिने मी एवढंच केलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

त्या मंगळवारी आबारावांची शेळी अडली म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. आबारावांकडे एके काळी साठ मेंढरं होती. गायरानात ऊस उभा राहिला, चराई संपली, मेंढरं विकली. आता चार शेळ्या. शेळी सुटली, दोन्ही पिलं धडधाकट निघाली. हात धुवायला ओसरीवर आलो तर बाजेवर त्यांची सून रेणुका दोन गोधड्या घेऊन कुडकुडत होती. पाचवा महिना. आधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. नवरा शिवशंकर ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर.

"ताप कधीपासून?" मी विचारलं.

"सहा दिस झाले. पाचच राह्यले," तिची सासू साखराबाई म्हणाल्या. सण जवळ आल्याच्या सुरात. "आईनं बोट टेकवलं डाक्टर, हिचं लेकरू आता जगतं बघा."

पोटुशीनं लोटांगण घालू नये, एवढी दया महाराजांनी दाखवली होती. त्याऐवजी 'आईच्या मांडीवर डोकं' म्हणून तिला तासभर गवतात झोपवलं होतं. साखराबाईनं तिचे केस बाजूला केले. कानामागे काळा डाग, भोवती लाल कडं. रेणुकाचे डोळे लाल झाले होते आणि तिला धाप लागत होती.

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी आरोग्य केंद्राच्या डॉक्टर शीतल मॅडमना फोन लावला. डाग म्हणताच त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "तिला हलवायची तयारी करा. मी गाडी घेऊन निघाले."

पण मॅडम पोचेपर्यंत साखराबाई आरतीला निघून गेल्या होत्या आणि आबाराव दारात आडवे उभे होते. "मला समजून राह्यलंय मॅडम, पण हिच्या सासूच्या शब्दाभाईर जाऊन काही इपरीत झालं तर मला जल्मभर ऐकावं लागंल. तिला पटवा, मंग न्या."

मॅडमनी रेणुकाला पहिली गोळी दिली, गरोदरपणात चालणारी, आणि घड्याळ बघितलं. "अर्धा तास. नाही पटलं तर मी उचलून नेणार. नागसेन, शाळेतून एक पाटी आणा. काळी, पुसलेली."

बोटआईपुढे दोनेकशे माणसं होती. मॅडमनी गाडीतून उतरून आधी बूट घातले, मग पिशवीतून एक ट्यूब काढून हातापायांना, मानेला चोळली. वारा गर्दीकडे होता. पुढच्या रांगेतल्या उषाबाईनं हुंगलं आणि ती किंचाळलीच, "अगं बाई! ह्यो तर महाराजांचा सुगंध! डॉक्टरीणबाईंच्या अंगात आई आली!"

चार-पाच जणी मॅडमच्या पाया पडायला धावल्या.

"आई नाही आली हो," मॅडम म्हणाल्या. "किडे अंगावर चढू नयेत म्हणून लावायचं मलम आहे. कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं." त्यांनी ट्यूब उषाबाईच्या हातात दिली. ती हातोहात मागे गेली. हुंगणाऱ्यांची तोंडं एकेक करून ओट्याकडे वळली.

महाराज हसले. "सुगंध कुठला बी असो, भाव पाह्यजे, बेटा!"

मॅडमनी आईच्या केसांत जाऊन पाटी उभी खोचली आणि त्या बाजूला झाल्या. पाच मिनिटं त्यांनी घड्याळावर मोजली. मग त्यांनी पाटी उचलून साखराबाईपुढे धरली.

काळ्या पाटीवर लाल तिखटाची बारीक पूड सांडल्यासारखी दिसत होती. फक्त ही पूड चालत होती.

"मावशी, ही बोटआई," मॅडम म्हणाल्या. "हे किडे उंदराच्या अंगावर जगतात. तुम्ही झुडपात धान्य टाकता, उंदीर माजतात. गवत कापत नाही, किडे वाढतात. मग तुम्ही त्यात अनवाणी लोळता. एखादा चावतो, दुखत नाही, कळत नाही. तिथे डाग पडतो आणि ताप चढतो. स्क्रब टायफस म्हणतात. देवी दहा दिवसांनी येते म्हणता ना, ते दिवस रोगाला अंगात मुरायला लागतात. गोळ्या साध्या आहेत. वेळेवर घेतल्या तर माणूस चार दिवसांत उठून बसतो."

"दवाखान्याची एजंट हाय ही!" महाराज ओरडले.

साखराबाई पाटीकडे बघत राहिल्या. मग ओट्यापाशी गेल्या, पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "महाराज, ह्या मॅडमचं तोंड बंद करा. मोजे काढा आन् एक लोटांगण घाला. एकच. माझी सून अर्धमेली पडलीया, तिच्यासाठी घाला."

"आज... आज मौन हाय माझं," महाराज म्हणाले.

मौनाची घोषणा इतक्या मोठ्या आवाजात केलेली मी पहिल्यांदाच ऐकली. गर्दीत एक जण फिसकन हसला. साखराबाई हसल्या नाहीत. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं," एवढंच त्या म्हणाल्या आणि अनवाणी गाडीकडे पळत सुटल्या.

रेणुकाला आम्ही जालन्याला नेलं. चौथ्या दिवशी तिचा ताप उतरला. ती वाचली. मूल नाही वाचलं. "दोन-तीन दिवस आधी आणलं असतं तर..." मॅडम एवढंच बोलल्या. अंगुलीनाथांनी पाटी निघाली त्याच दुपारी मोटारसायकलवरून पुन्हा हिमालयाची वाट धरली. तक्रार आम्ही दिली आहे. सापडतील तेव्हा सापडतील.

खरं सांगायचं तर महाराजांचं एक वाक्य अर्धं बरोबर होतं. गायरान नांगरल्यानं बिघाड झालाच. पूर्वी मेंढरं गवत बोटभर वाढू देत नसत. बाभळींवर घुबडं होती, ती उंदीर टिपायची. बाभळी तोडल्या, मेंढरं गेली, कालव्याचं पाणी आलं, उसात उंदरांना बारमाही घर मिळालं. पाऊस दसऱ्याला निरोप घ्यायचा, तो आता दिवाळीपर्यंत रेंगाळतो आणि गवत ओलंच राहतं. जमीन बदलली की तिच्यावरची जनावरं बदलतात, आणि त्यांचे रोग आपल्या ओसरीवर येतात. यात कोणी कोपलेलं नाही. हे आपणच केलंय आणि आपल्यालाच निस्तरावं लागेल.

पुढच्या मंगळवारी साखराबाई बोटआईपाशी आल्या. पायांत मॅडमचे बूट, हातात विळा. कोणाशी न बोलता त्यांनी आईचे केस कापायला घेतले. उषाबाई दबकत म्हणाली, "साखरा, आई कोपंल गं."

"कोपू दे," विळा न थांबवता साखराबाई म्हणाल्या. "मी बी कोपलेय."

मीही विळा घेतला. पण मला माझीच लाज वाटत होती. तीन महिने मी टपरीवर महाराजांची नक्कल करत होतो. शेळ्यांच्या कानांत पाटीवरच्या पुडीसारखेच लालसर ठिपके मी पावसाळाभर पाहिले होते, औषध लावून पुढे गेलो होतो. ते ठिपके आणि लोकांचे डाग यांची सांगड घालायला एक फोन पुरला असता. महाराजानं लोकांना फसवलं, आणि मी फसलेल्यांना हसलो. रेणुकाच्या उपयोगी दोघंही पडलो नाही.

म्हणून माझ्यासारख्या शहाण्यांना आधी सांगतो, अंधश्रद्धेला हसून ती जात नाही, पाटी घेऊन गवतात उतरावं लागतं. आणि बाकी सगळ्यांना : ताप आला तर अंगभर नीट बघा, कानामागे, काखेत, कमरेच्या नाडीखाली. काळा डाग दिसला तर त्याला हात जोडू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. अकरा दिवस थांबू नका.