टाकीला टाकी

माझ्या साडूला थापी कुठल्या हातात धरतात हेही माहीत नाही. तो शिंपी आहे. चांगला शिंपी आहे असं लोक म्हणतात. माझ्या पॅंटचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड शिवून त्याने ती मला हसत हसत दिली होती, आणि मी ती अजून घालतोय, पण तो विषय वेगळा. विषय असा की गवंडी मी आहे, आणि तित्तरं मात्र त्याच्या टाकीवर पाणी पितात.

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, तरुणपणी माळावरच्या तित्तरांची आणि लाव्यांची यथेच्छ शिकार केली. आता गुडघे गेले, बंदूक गेली, आणि त्यांना त्याच पाखरांची काळजी लागून राहिली. "आयुष्यभर खाल्ली, आता पाजतो," असं ते स्वतःच म्हणतात. माळ त्यांच्या मालकीचा. नुसता खडक आणि काटेरी झुडपं, उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नाही. गेल्या पावसाळ्याआधी त्यांनी आम्हा दोन्ही जावयांना बोलावलं आणि माळावर एकेक टाकी बांधायला सांगितली.

ही टाकी म्हणजे घरावर असते तशी नव्हे. जमिनीत खणलेला बुटका हौद. ऊन लागून पाणी आटू नये म्हणून वर छप्पर, आणि शेजारी एक उतरता पत्रा, ज्याच्यावरून पावसाचं पाणी घसरून आत जातं. हौदाचा तळ तोंडापासून आतपर्यंत उतरता ठेवायचा, म्हणजे पाणी खाली गेलं तरी पाखरू चालत आत उतरून पिऊ शकतं. कल्पना मामांची. काम ज्याचं त्याचं.

मी काम केलं ते काम होतं. सिमेंट ओलं असतानाच वरून कोरडं सिमेंट भुरभुरलं आणि लोखंडी थापीने घोटत बसलो, हाताला गोळे येईपर्यंत. असा तळ झाला की त्यात तोंड बघून दाढी करावी. मामा तेव्हा काठी टेकत येऊन बघून गेले आणि म्हणाले, "थोरले, घोटाई करावी तर तुम्ही." साडूने काय केलं? थापी जमेना म्हणून एक जुनं गोणपाट ओलं करून सिमेंटवर दाबत सुटला. तळावर गोणपाटाची वीण उमटली, मधे मधे बोटांचे खड्डे. अंगावर देवी आल्यासारखा तळ. मामा त्याच्याकडे बघून म्हणाले, "धाकटे, पाणी थांबलं तरी पुष्कळ." मी तो दिवस फार आनंदात घालवला.

पावसाळ्यात दोन्ही टाक्या भरल्या, आणि पुढे बरेच दिवस तित्तरं दोन्हीकडे येत होती. ऊन तापू लागलं, पाणी खाली गेलं, आणि हळूहळू माझ्याकडे यायची बंद झाली. मामा घराच्या ओसरीत दुर्बीण घेऊन बसतात, तिथून दोन्ही टाक्या दिसतात. जावं तेव्हा त्यांच्या शेजारची खुर्ची साडूने अडवलेली. दुर्बीण याच्या डोळ्याला, त्यांच्या डोळ्याला, परत याच्या. "मामा, ती कोंबडी पिल्लं घेऊन आली बघा." "अहो, तित्तराच्या मादीला कोंबडी काय म्हणता," आणि दोघं हसणार. माझ्यासाठी पायरी. चहासुद्धा त्याला आधी.

मला हेवा वाटत होता. उगाच कशाला झाकू? घरी आल्यावर ताट अर्धं टाकून उठायचो. माझ्या बायकोने एकदा विचारलं, "अहो, तुम्हाला पित्त झालंय का?" मी म्हटलं, झालंय.

मग मामांनी एक दिवस दोघांना समोर बसवलं. विहीर तळाला गेली होती. घरचं भागून माळावर न्यायला जेमतेम एक पिंप उरत होतं. "दोन ठिकाणी शिंपडून दोन्हीकडे चिखल होणार," ते म्हणाले. "रविवारी सकाळी मी बघतो. ज्या टाकीवर पाखरं, तिला पाणी. दुसरीच्या तोंडावर दगड रचून टाका, नाहीतर एखादं जनावर आत पडायचं."

माझ्या टाकीवर दगड. तेही मीच रचायचे, आणि सगळ्या घरादाराने ओसरीतून बघायचं.

माझी खात्री होती की साडू लबाडी करतोय. गुपचूप धान्य टाकत असणार. दुपारी कोणी नसताना जाऊन त्याच्या टाकीभोवती अक्षरशः रांगलो. दाणा नाही, भुसा नाही. नुसती पावलांची नक्षी, विष्ठा आणि चार पिसं. शेवटी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी माझ्याच टाकीजवळच्या झुडपामागे पोटावर पडून राहिलो. काटे नको तिथे टोचत होते.

ऊन वर आल्यावर एक मादी आली. मागे पिल्लं, सुपारीएवढी. टाकीच्या तोंडाशी थांबून तिने मान वाकडी करून आत बघितलं. आत पाणी होतं, मला तिथून दिसत होतं. तिने एक पाय उतारावर टाकला, आणि तो सरकला. दुसरा टाकला, तोही सरकला, आणि ती बसल्या बसल्या खाली चालली. पंख फडफडवून कशीबशी वर आली. एक पिल्लू तिच्यामागे उतरलं होतं, ते घसरत पार पाण्यात गेलं. ती वरून ओरडत होती आणि ते पुन्हा पुन्हा चढायला बघून पुन्हा पुन्हा खाली येत होतं. मीच उठून गेलो, हात घालून त्याला बाहेर काढलं. आई पिल्लांना घेऊन झुडपांतून पळाली. कुठे पळाली ते सांगायला नको. गोणपाटाच्या तळावर.

मी तिथेच बसून राहिलो. उपाय मला त्या क्षणी कळला होता, कुठल्याही गवंड्याला कळला असता. आमच्या धंद्यात दगड फोडायच्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात. गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा धरत नाही, तेव्हा आम्ही आधी तिला टाकी लावतो, म्हणजे छिन्नीने ठोकून ठोकून खरबरीत करतो. माझ्या टाकीला टाकी लावली की काम झालं. पण ती घोटाई माझ्या हातची. तिला टाकी लावायची म्हणजे स्वतःच्या तोंडाला लावण्यासारखं. आणि कशासाठी, तर साडूसारखा तळ व्हावा म्हणून. नाही लावली.

शनिवारी साडू घरी आला. टोपी काढून हातात घेतलेली, म्हणजे काम होतं.

"दादा, एक मागू का?"

"माग."

"उद्या मामा टाकी बघायला खाली उतरतो म्हणतायत. माझा तळ फार वाईट दिसतो हो. तुमच्यासमोर लाजच वाटते मला. पाणी आज काढून ठेवलंय. तुमच्या हातची घोटाई मारून द्याल?"

माझा कानांवर विश्वास बसेना. बोकड स्वतःच सुरी घेऊन आला होता. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं, बायको आश्चर्याने बघत राहिली. घमेलं, थापी, सिमेंटची गोणी घेऊन मी त्याच्या मागोमाग माळावर गेलो. काम चांगलं करायचं, एवढंच करायचं होतं. उद्या सकाळी तित्तरं घसरली असती आणि जगात कोणी मला नावं ठेवू शकलं नसतं.

साडू माल कालवायला पाणी आणायला गेला. मी त्याच्या तळाशी उकिडवा बसलो. जवळून तो तळ आणखीच भयाण दिसत होता. त्याच्या बोटांच्या खड्ड्यांमध्ये थोडं थोडं पाणी राहिलं होतं, आणि एका खड्ड्यातून एक पिल्लू पीत होतं. मी हाताच्या अंतरावर होतो तरी त्याला पर्वा नव्हती. पिऊन झाल्यावर ते गोणपाटाच्या विणीवर पाय रोवत आरामात चढून निघून गेलं. मला त्या तळाचा इतका हेवा वाटला की थापी हातातून सुटली.

साडू बादली घेऊन आला. मी घमेलं उचललं. "मी हे काम करणार नाही," म्हटलं.

"का हो दादा?"

का ते सांगायचं म्हणजे माझी घोटाई वाईट हे सांगायचं. जीभ उचलेना. "नाही म्हटलं ना. आणि दुसऱ्या कोणालाही हात लावू देऊ नकोस," म्हणालो आणि चालायला लागलो.

संध्याकाळपर्यंत घरभर झालं. मेहुणी येऊन बायकोला म्हणाली, "भावोजींना आमचं बघवत नाही." बायकोने मला जेवायला वाढलं आणि म्हणाली, "पित्त नव्हतं तर ते." आयुष्यात एकदाच मी हेव्यापोटी काही केलं नाही, आणि त्याच दिवशी मला हेवेखोर ठरवलं गेलं.

रविवारी सगळे ओसरीत जमले. साडूची टाकी पुन्हा भरली होती, आणि तिच्यावर पाखरांची जत्रा. माझ्याकडे एक सरडा. मामांनी दुर्बीण खाली ठेवली. "थोरले, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "दगड रचून टाका."

मी उठलो आणि हत्यारांची पिशवी घेतली. "कुठे चाललात?" बायकोने विचारलं.

"टाकीला टाकी लावायला."

कोणाला काही कळलं नाही. थोड्या वेळाने ठोकण्याचा आवाज ओसरीपर्यंत गेला तेव्हा कळलं, तेही उलटं. "अहो, रागाच्या भरात फोडतायत ते," बायको ओरडत आली. मागून मेहुणी. मामा काठी आपटत. मी मान वर केली नाही. ओळीने ठोकत गेलो, वरपासून पाण्यापर्यंत, दाट, एकसारखं, जसं गिलाव्याआधी ठोकतो. आरशासारखा तळ पांढरट, खरबरीत, मेलेला दिसू लागला. डोळ्यांत धूळ गेली होती, म्हणून पाणी येत होतं. थोडं तसंही येत होतं. शेवटी झाडू मारून चुरा काढला आणि बाजूला झालो.

"जरा लांब उभे राहा सगळे," एवढंच म्हणालो.

सगळे परत ओसरीत जाऊन बसलो. उन्हं कलल्यावर ती मादी आली. तीच होती असं मी म्हणतो. तोंडाशी थांबली, एक पाय टाकला, थोडा वेळ तसाच ठेवला. मग दुसरा. मग चालत खाली गेली आणि पिल्लं तिच्या मागे. दुर्बीण साडूच्या डोळ्याला होती. ती काढून त्याने माझ्याकडे बघितलं.

"दादा," तो हळूच म्हणाला, "म्हणून माझी घोटली नाहीत होय."

घरात एवढी माणसं, आणि कळलं ते नेमकं यालाच.

मामांनी पाण्याचा निकाल बदलला. पिंप अर्धं माझ्या टाकीत, अर्धं त्याच्या. साडू म्हणाला, मी ओततो. आधी माझ्या टाकीत ओतलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. अर्धं झालं तरी त्याने पिंप सरळ केलं नाही. आणखी ओतलं, माझ्याकडे न बघता. राहिलेलं थोडंसं घेऊन तो त्याच्या टाकीकडे निघाला, आणि मला, जन्मभर याच्यापेक्षा जास्त मिळावं म्हणून जळणाऱ्याला, त्याला थांबवायला तोंड उघडेना.