पर्याय ब

"ब," बाबा म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. निम्म्या टाळ्या टीव्हीतल्या, निम्म्या घरातल्या.

अर्धांगाच्या झटक्यानंतर बाबांकडे हे एवढंच अक्षर उरलं होतं. संध्याकाळी प्रश्नमंजूषा लागली की ते 'ब' म्हणू लागत आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबत नसत. अधूनमधून एखादा 'ब' बरोबर यायचाच. चुकला की सून म्हणे, प्रश्नच फसवा होता.

खरा अर्थ एकट्या आईला ठाऊक होता. जन्मभर छापखान्यात यंत्राच्या खडखडाटात उभा राहिलेला हा माणूस घरात पाऊल टाकताच टीव्हीकडे बघून म्हणायचा, "बंद कर गं ते." आता पहिलंच अक्षर बाहेर पडत होतं, बाकीचं वाक्य घशात अडकत होतं.

पण आई मूग गिळून बसली. एरवी या घरात जो तो आपल्या खोलीत, आपल्या फोनला चिकटलेला. आता मुलगा कामावरून थेट बाबांच्या खाटेशी येई, सून चहा घेऊन टेके, शेजारचा सायकलवाला स्वतःची खुर्ची घेऊन येई. काका म्हणजे चालताबोलता ज्ञानकोश, असं तो म्हणे. काका चालत नव्हते, बोलतही नव्हते, पण ते कोण बघतो? एकदा त्याने स्वतःचाच प्रश्न टाकला: दुकान, अ, चालू ठेवू, ब, विकून टाकू. दुकान गेल्यापासून तो आणखी लवकर येऊ लागला.

त्या दिवशी जाहिराती लागल्या तसा मुलगा खाटेवर सरकून बसला.

"बाबा, आता माझा प्रश्न. अ, इथेच राहायचं. ब, शुश्रूषागृहात. तिथे नर्स असते कायम."

टीव्हीत साबण किंचाळत होता.

"ब," बाबा म्हणाले. "ब. ब."

सुनेने डोळे टिपले. सायकलवाला म्हणाला, काकांचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द.

"अरे, तसं नाही," आई म्हणाली. "टीव्ही बंद करा म्हणतायत ते. पहिल्या दिवसापासून तेच सांगतायत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

आईने उठून टीव्ही बंद केला.

बाबांच्या कपाळावरची आठी विरली. तोंडाच्या जिवंत अर्ध्या भागावर झटक्यानंतर पहिल्यांदाच हसू पसरलं. चालता हात पुढे करून त्यांनी आईचा हात थोपटला. पुन्हा 'ब' म्हणाले नाहीत.

"बघ," मुलगा हळूच म्हणाला, "ठरलं तसे किती निवांत झाले."

मग त्याने विचारलं, बाबांचा स्वेटर कुठे आहे, तिकडे गारठा असतो म्हणे. आईने कपाटातून स्वेटर काढला. एक गुंडी लोंबत होती. एवढी लावून देते, म्हणाली, आणि खाटेशी बसून दोरा ओवू लागली. तो सुईत जाऊ नये अशा बेताने.