हाक कोणाला मारायची

लग्नाला पाच महिने झाले, तरी पोरीने आईच्या नवऱ्याला अजून एकदाही हाक मारली नव्हती. अबोला नव्हता. "जेवायला वाढलंय" असं ती भिंतीकडे बघून सांगायची. "आई, त्यांचा फोन वाजतोय" असं आईमार्फत कळवायची. वय अकरा, पण त्यांना उद्देशून तोंडातून एक शब्द निसटणार नाही याची काळजी ती एखाद्या मुरलेल्या वकिलासारखी घ्यायची.

ते लिफ्ट दुरुस्त करायचे. एका इमारतीत लिफ्टखालच्या खड्ड्यात त्यांना कुत्र्याचं पिल्लू सापडलं, ग्रीसने माखलेलं. ते त्यांनी हत्यारांच्या पिशवीतून घरी आणलं. नाक काळंभोर आणि गोल, म्हणून पोरीने नाव ठेवलं बटण. त्यातून एक घोळ मात्र झाला. आई पोरीलाच लाडाने पिल्लू म्हणायची. आता "पिल्लू, इकडे ये" म्हटलं की एक शेपूट हलवत यायचं आणि दुसरं गाल फुगवून.

आई रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिला चार दिवसांची रजा मिळाली, तशी डोंगरापलीकडच्या तळ्यावर जायचं ठरलं. गाडीत पुढे ते दोघं, मागे पोरगी, तिच्या मांडीवर टॉवेल आणि टॉवेलवर बटण.

सपाटीवर सगळं छान चाललं. दोन्ही बाजूंना पिवळ्या फुलांची शेतं होती, त्यांवरून ढगांच्या सावल्या सरकत होत्या. मग चढ लागला. तिसऱ्या वळणावर बटण ओकला. पाचव्या वळणावर पुन्हा.

"आई, गाडी थांबवायला सांग ना!"

आईने सांगायच्या आत त्यांनी गाडी कडेला घेतली होती. टॉवेल त्यांनीच धुतला, तोही दरीकडे पाठ करून.

"दरीकडे का बघत नाहीत ते?" पोरीने हळूच विचारलं.

"भीती वाटते," आई म्हणाली. "लिफ्टच्या अंधारात दहाव्या मजल्यावर लोंबकळतील, पण मोकळ्या दरीकडे बघवत नाही त्यांना."

पोरीला हे नवीन होतं.

घाटमाथ्यावर गाड्या थांबवायला मोकळी जागा होती, कडेला लोखंडी कठडा. आई पाण्याच्या बाटल्या आणायला रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेली. ते बॉनेट उघडून इंजिन बघत होते. पोरीने बटणला जरा पाय मोकळे करायला सोडलं. त्याला एक नाकतोडा दिसला. नाकतोड्याने उडी मारली, मागोमाग बटणने, आणि कठड्याखालच्या फटीतून तो घरंगळत गेला.

पोरीने वाकून पाहिलं. दीड पुरुष खाली खडकाचा एक टप्पा होता, जेमतेम चटईएवढा. त्यावर बटण कुईंकुईं करत होता. त्याच्याखाली नुसती हवा.

तिने हाक मारायला तोंड उघडलं आणि अडलीच. बाबा म्हणावं, तर बाबा दुसऱ्या शहरात राहत होते. काका म्हणावं, तर काका म्हणजे बाबांचे भाऊ. बटण आणखी एक वीत सरकला, आणि घरात रोज कानावर पडणारा शब्दच तिच्या तोंडातून बाहेर पडला.

"अहो! अहो, लवकर या!"

हुबेहूब आईचा सूर. ते धावत आले. खाली पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. क्षणभर कठडा घट्ट धरून ते नुसते उभे राहिले. मग खडकाकडे तोंड करून पलीकडे उतरले.

"मी खाली बघत नाही. तू बघ आणि सांग. पाय कुठे ठेवू?"

"डावा पाय अजून खाली. तिथे नको, तो दगड हलतोय! उजवीकडे घ्या. हां, आता टेकवा. आता वाकून हात मागे करा, तो तुमच्या टाचेपाशीच आहे."

त्यांनी बटणला शर्टात कोंबलं आणि घामाघूम होऊन वर आले. पोरीने त्यांची कॉलर दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. आई बाटल्या टाकून धावत आली, तेव्हा तिघं जमिनीवर बसले होते. त्यांची पँट गुडघ्यावर फाटली होती. आईचा जीव भांड्यात पडला, आणि मगच तिला आठवलं.

"मघाशी 'अहो' कोण ओरडलं गं?"

पोरीचे कान लाल झाले.

"ओरडू दे," ते म्हणाले. "फक्त दोघींनी एकदम हाक मारलीत, तर मी आधी कोणाकडे पळू?"

आई हसत सुटली. पोरगी हसली नाही. बटणच्या अंगावरची माती झटकत ती म्हणाली, "मला बाबा आहेत."

"आहेतच की. ती जागा मला नकोय." त्यांनी गुडघ्यावरचं रक्त रुमालाने टिपलं. "मला नावाने हाक मार, नाहीतर शीळ घाल. अडचणीत असताना मारलीस म्हणजे झालं."

"शीळ कुत्र्याला घालतात," ती म्हणाली, आणि तिलाच हसू फुटलं.

उतरताना ती पुढे बसली. आई मागे बटणला घेऊन. एका वळणावर पोरीने घसा खाकरला.

"ऐका ना..."

"तोही माझाच शब्द आहे!" मागून आई म्हणाली.

"तू गप्प बस गं! ऐका ना, तळं दिसायला लागलंय. तुम्ही रस्त्याकडेच बघा. एक होडी आहे, बहुतेक रिकामी. आणि काठावर गाई आहेत, सात... नाही, आठ."

"वासरं?"

"थांबा, झाडं आडवी आली," ती म्हणाली आणि काच खाली करून नीट बघू लागली.