विलिकेसाचा होकार

मंगळवारी सकाळपासून विलिकेसाच्या पायाला भिंगरी लागली होती. शीतखोलीत जायचा, टोमॅटोच्या क्रेटांवर उगाच हात फिरवायचा, बाहेर यायचा, फाटकापाशी उभा राहून समुद्राकडे बघायचा आणि पुन्हा आपल्या काउंटरशी येऊन बसायचा. बसला की लगेच उठायचा.

समुद्रकिनाऱ्यावरच्या त्या हॉटेलात मागच्या दाराने जे काही आत येई ते त्याच्या हातून येई. भाजी, मासे, अंडी, बर्फ, सगळं तोच तोलून, निवडून घेई. बारा वर्षं हेच काम. त्या सकाळी खोऱ्यातून माकेरेता या शेतकरणीच्या मालाचा ट्रक आला होता. टोमॅटो, वांगी, पपया, लेट्यूस. माल फर्स्ट क्लास. त्याने तोलला, दोन क्रेटं मऊ पडली होती ती बाजूला काढली, बाकीचा आत घेतला आणि तिच्या पावतीवर सही केली. एवढं झाल्यावर संगणकावर एक बटण दाबायचं राहिलं होतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं.

कारण तेवढ्यात वरच्या मजल्यावरून मॅनेजर ब्रेंडन खाली आला होता. वादळाचा इशारा लागला होता. पश्चिमेच्या व्हानुआतू बेटांच्या बाजूने वादळ सरकत होतं आणि सकाळपासून पाहुण्यांचे फोन येत होते, येत नाही म्हणून. ब्रेंडनने त्याला सांगितलं की या आठवड्याच्या मालाला अजून होकार देऊ नकोस. दोन-तीन दिवस थांब. हॉटेल रिकामं झालं तर निम्मा माल परत करू.

पूर्वी असा होकार-नकार काही नव्हताच. हॉटेल माल घ्यायचं आणि दोन महिन्यांनी पैसे द्यायचं. दोन महिने थांबणं खोऱ्यातल्या बायकांना कुठलं परवडायला? त्या निम्मा माल बाजारात नेऊन रोख देणाऱ्या व्यापाऱ्याला पाडून मागेल त्या भावाने देत. बँकेत कर्ज मागायला जावं तर बँक जमिनीचा कागद मागे, आणि जमीन तर सगळ्या घराण्याची, एकट्या कुणाची नाही. मग गेल्या वर्षी नवी सोय निघाली. बँक शेतकरणीकडे बघणार नाही, हॉटेलकडे बघेल. हॉटेलने ‘माल मिळाला, पैसे देणं लागतो’ एवढं कळवलं की दुसऱ्या दिवशी बँक थोडे कापून बाकीचे पैसे बाईच्या खात्यावर टाकणार आणि दोन महिन्यांनी हॉटेलकडून वसूल करणार. सगळा डोलारा त्या एका होकारावर.

ही सोय समजावून सांगायला बँकेची मुलगी खोऱ्यात गेली तेव्हा विलिकेसाच तिला घेऊन गेला होता. बायका बँकेच्या मुलीचं ऐकून घेत होत्या, पण बघत होत्या त्याच्याकडे. तो त्यांचा जावई. माकेरेता त्याच्या बायकोची चुलत बहीण. बैठकीत मानाने देतात ती यंगोना पेयाची वाटी सगळ्यांसमोर रिकामी करून तो म्हणाला होता, माल आला की त्याच दिवशी होकार जाईल, ते माझ्याकडे लागलं. त्या शब्दावर बायकांनी व्यापाऱ्याला माल देणं बंद केलं होतं.

दुपारी माकेरेताचा फोन आला. पहिल्यांदा तिने थट्टाच केली, की दाजी, झोपलात का, बटण दाबायला माणूस पाठवू? तो हसला आणि म्हणाला, आज इथे नेट चालत नाही.

“वादळ अजून तिकडे, आणि नेट तुमच्याकडचं पडलं?” ती म्हणाली. “माझ्याकडे डोंगरात चालतंय बघा.”

 मग तिचा आवाज बदलला. ट्रकवाला भाड्यासाठी दारात बसून आहे, तोडणीच्या पोरींची मजुरी द्यायची आहे, आणि नदी चढायच्या आत पंप वर उचलून न्यायला चार माणसं लावावी लागतील, ती फुकट येणार नाहीत. एवढं सांगून तिने विचारलं, काही झालंय का? त्याने सांगितलं, नाही, काही नाही, होईल. 

तो स्वयंपाकघरात गेला. तिथे मोठ्या परातीत टोमॅटो चिरत होते, लाल रसाने चिरायची फळी माखली होती. वादळामुळे अडकून पडलेल्या पाहुण्यांना संध्याकाळी काहीतरी चांगलंचुंगलं द्यायचं म्हणून आचाऱ्याने माकेरेताचीच क्रेटं फोडली होती. विलिकेसा तिथे उभा राहून बघत राहिला. माल लोकांच्या पोटात चालला होता आणि हॉटेलच्या लेखी तो अजून आलाच नव्हता.

जिने चढून तो ब्रेंडनकडे गेला. ब्रेंडन काही वाईट माणूस नव्हता. ब्रिस्बेनहून येऊन त्याला वर्ष व्हायचं होतं आणि मालकांचा फोन दर तासाला वाजत होता. किचनने माल उघडलाय, हे विलिकेसाने सांगितल्यावर तो म्हणाला, मला माहीत आहे.

“बँकेला एकदा हो म्हटलं की विषय संपला, विली. मग वादळ येवो, हॉटेल बंद पडो, पैसे द्यावेच लागतात. शेतकऱ्याशी निदान बोलता तरी येतं. दोन-तीन दिवस मी थांबतोय, त्यांनीही थांबावं.”

“ते थांबत नाहीत, बॉस. ते व्यापाऱ्याकडे जातात.”

“जाऊ देत या वेळी.”

आपण दिलेल्या शब्दाचं काय, हे विलिकेसाच्या ओठांवर आलं होतं. पण तो शब्द त्याने हॉटेलला विचारून दिला नव्हता. तो खाली आला.

घरी त्याची बायको सेनिमिली खिडक्यांना फळ्या ठोकत होती. त्याने हातोडा घेतला. बहिणीचा फोन तिलाही आला असणार, हे तिच्या फळ्या आपटून ठेवण्यावरून त्याला कळलं. तिने ताटात कसावा आणि नारळाच्या दुधातला मासा वाढला. त्याने दोन घास खाल्ले आणि ताट सारलं. शेवटी तीच म्हणाली, “तुझी नोकरी जाईल असं काही करू नकोस. पण माझ्या माहेरी मला तोंड दाखवता येईल एवढं बघ.”

दोन्ही एकदम कसं जमायचं, हे तिने सांगितलं नाही. हॉटेलच्या मागच्या दाराची झडप नीट बांधली नाही, असं म्हणून तो उन्हं कलायच्या सुमाराला पुन्हा हॉटेलवर आला. झडप व्यवस्थित बांधलेली होती. तरी त्याने ती सोडून परत बांधली. मग काउंटरशी जाऊन उभ्या उभ्याच त्याने माकेरेताचं बिल उघडलं, मऊ पडलेली दोन क्रेटं वजा केली आणि होकार दिला.

वाटलं होतं की जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. रात्रभर फळ्यांमागे वारा घोंगावत होता आणि तो या कुशीवरून त्या कुशीवर होत होता.

वादळ दक्षिणेकडून वळून गेलं, पण पावसाने खोरं धुऊन काढलं. नदी मळ्यांवरून वाहिली. टोमॅटोचे वाफे गेले, पपया आडव्या झाल्या. पंप तेवढा वाचला; पूर यायच्या आदल्या दुपारी, बुधवारी, पैसे जमा झाले आणि माणसं मिळाली. उरलेल्या पैशांत बायकांनी चिखल वाळायच्या आत नवी रोपं आणली.

ब्रेंडनने त्याला बोलावलं. ओरडला नाही. नोकरी गेली नाही, पण होकार द्यायचं काम त्याच्याकडून काढलं आणि हिशेब बघणाऱ्या प्रेमिलाकडे दिलं. ती दर शुक्रवारी एकदम सगळ्यांचं बघेल, आधी मला विचारून, असं ब्रेंडनने सांगितलं. विलिकेसाने मान हलवली. बारा वर्षांत पहिल्यांदाच त्याने वजन केलेल्या मालावर दुसरं कुणीतरी शिक्का मारणार होतं. ते त्याला झोंबलं, पण बोलायला तोंड नव्हतं.

शुक्रवारचा होकार कधी सोमवारी जायला लागला, कधी जाईचना. रोपं वाढली, टोमॅटो लागले, आणि माकेरेताचा ट्रक या हॉटेलच्या फाटकावरून न थांबता पुढे जाऊ लागला. पुढच्या हॉटेलनेही तीच सोय घेतली होती आणि तिथे होकार त्याच दिवशी जाई. इकडे पुरानंतर भाजी मिळेना. ऑकलंडहून विमानाने आलेले टोमॅटो रंगाला गुलाबी आणि चवीला पाणी. पाहुणे परत आले होते आणि आचारी वैतागला होता.

मग ब्रेंडन स्वतः खाली आला आणि म्हणाला, विली, तुझ्या मेहुणीशी बोल.

विलिकेसाने त्याच्यासमोरच फोन लावला. माकेरेताने आधी बहिणीची चौकशी केली, मग विचारलं, “दाजी, आता तिथे होकार कोण देतं?”

“मी नाही देत.”

“मला कळलंय. माझ्यामुळेच गेलं ते.” ती म्हणाली. “मग जो देतो त्याच्याकडे फोन द्या.”

त्याने फोन ब्रेंडनच्या हातात दिला आणि आपण बाजूला झाला. ब्रेंडन बराच वेळ ऐकत होता. मध्येच वादळाचं काहीतरी सांगायला लागला, तोच तिने त्याला तोडलं. मग तो क्रेटावर बसला. शेवटी, ठीक आहे, त्याच दिवशी, असं त्याने दोनदा म्हटलं. फोन परत देताना तो विलिकेसाला म्हणाला की माल आला की संध्याकाळच्या आत प्रेमिला होकार पाठवेल, मला न विचारता. आपलं काम आपल्याला परत मिळेल का, हे विलिकेसाने विचारलं नाही आणि ब्रेंडननेही तो विषय काढला नाही.

गुरुवारी ट्रक आला. माकेरेता पुढच्या सीटवरून उतरली, त्याच्याकडे बघून म्हणाली, बारीक झालात, ताई जेवायला घालत नाही वाटतं. फार माल नव्हता, चार क्रेट. बाकीचा तिने पुढच्या हॉटेलसाठी ठेवला होता आणि ते लपवलंही नाही. त्याने तोललं, सही केली, चिठ्ठी वर पाठवली.

“बसा जरा,” ती म्हणाली. “आता ते वरच्यांचं काम.”

तो बसला. ती खोऱ्यातल्या गोष्टी सांगत होती, कुणाचं घर पडलं, कुणाची गाय सापडली. तो हो हो करत होता आणि त्याची नजर जिन्याकडे होती. अर्धी गोष्ट राहिली असतानाच तो उठला, आलोच म्हणाला, आणि प्रेमिलाने बघितलं की नाही ते विचारायला दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.