जाळीतला रंग

रेडिएटरला रंग द्यायचा तो न दिल्यासारखा, हे पेंटर अख्ख्या गॅरेजला ऐकवून ऐकवून थकला होता. दारं आणि बॉनेट रंगवणाऱ्यांनी खुशाल थरावर थर चढवावेत. रेडिएटरचं तसं नाही बाबांनो. त्याच्या पत्र्याच्या जाळीतून वारा खेळला तरच आतलं पाणी थंड राहणार. म्हणून काळा रंग चांगला पातळ करायचा, स्प्रेगन लांब धरायची, इकडून तिकडून फुंकर घातल्यासारखी फिरवायची आणि गुमान बाजूला व्हायचं. मग जाळीमागे पेटता बल्ब धरायचा. उजेड आरपार आला तर काम पास, नाहीतर सगळा रंग काढून पुन्हा पहिल्यापासून. बल्ब धरून बघितल्याशिवाय त्याने उभ्या जन्मात एकही रेडिएटर दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

एक सोडून. आणि तो नेमका पोटच्या पोरीच्या गाडीचा.

पोरीला तो बबडी म्हणायचा. शिकली, सवरली, बापापेक्षा वीतभर उंच झाली, तरी बबडीच. आई गेल्यापासून घरात ही दोघंच. लहानपणी ती दुकानातच रंगाच्या डब्यांवर बसून अभ्यास करायची, त्यामुळे थिनरच्या वासाशिवाय तिला करमायचं नाही. अशा पोरीला दूरच्या शहरात, मोटारींच्या कारखान्यात, तेही रंगाच्या विभागात नोकरी लागली. पेंटर शेजारच्या वेल्डरपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना छाती फुगवून सांगत सुटला. घरी आला की मात्र घास गिळवायचा नाही.

जायच्या आधी तिने आपली जुनी गाडी त्याच्या ताब्यात दिली. रेडिएटर गंजलाय, तेवढा बघा म्हणाली. त्याने रेडिएटर उतरवला, ब्रशने घासला, वाकड्या पट्ट्या सरळ केल्या. आणि मग, कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे, बॉनेटसाठी कालवलेला जाड रंग गनमध्ये भरला. एक थर दिला, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. जाळीची भोकं डोळ्यांदेखत बुजत गेली. त्याचा हिशेब सरळ होता. गावाबाहेरचा लांबलचक चढ लागला की गाडी तापणार, पोर तापमानाच्या काट्याकडे बघून वेळीच थांबणार आणि घाबरून घरी येणार. एकदा मागे फिरली की पुन्हा निघायला मन धजणार नाही. बल्बकडे त्याने त्या दिवशी पाठ फिरवली होती.

निघताना बबडीने रेडिएटर बघितलाही नाही. गाडी शिकली तेव्हापासून पाणी बापच बघायचा. तो हातात पाण्याचा डबा घेऊन पुढे वाकायचा, झाकण उघडून बघायचा आणि मान हलवायचा, की ही निघाली. बाबांनी बघितलं म्हणजे बघितलं, असा तिचा खाक्या.

सगळं त्याच्या मनासारखंच झालं. संध्याकाळच्या आत ती रखडत रखडत परत आली. बॉनेट उघडून तिने बॅटरीचा झोत मारला. जाळीतून उजेडाचा ठिपका येईल तर शपथ. पेंटरने मनाची तयारी केली, आता पोर फाडकन बोलणार. पण तिने त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटं चाचपली.

"हात जड झाला हो बाबा तुमचा," ती म्हणाली. "मला कळायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी तिने कारखान्याला फोन करून सांगितलं, वडिलांचं वय झालंय, मी येत नाही.

खोटं कशाला बोला, पेंटरला आधी आनंदच झाला. पण तो कसला टिकतोय! पोरीने गन त्याच्या हातून काढून घेतली आणि त्याला, रंग लागू नये तिथे कागदाच्या चिकटपट्ट्या लावायला बसवलं. गिऱ्हाइकांना ती हळू आवाजात समजावू लागली, बाबांना आता जमत नाही, मीच करते. वेल्डर तर त्याच्याशी बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून बोलायला लागला. हेही त्याने सोसलं असतं. पण तिच्याबरोबर निवड झालेल्या मैत्रिणीचा फोन यायचा, तेव्हा बबडी हसून हसून चौकशी करायची आणि फोन ठेवला की उगाच धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला घ्यायची. ते बघून त्याच्या काळजाचं पाणी व्हायचं. आपणच पोरीच्या पायात खोडा घातला, आणि वर तिची माया फुकटात खातोय, हे त्याला दिवसरात्र टोचत राहिलं.

एके दुपारी ती सामान आणायला गेली तेव्हा त्याने तोच रेडिएटर पुन्हा उतरवला. सगळा रंग काढला. गन हातात घेतली, आणि हात असा फिरला, जसा जुन्या दिवसांत फिरायचा. ती परत आली तेव्हा तो जाळीमागे बल्ब धरून उभा होता. समोरच्या भिंतीवर उजेडाची बारीक नक्षी पडली होती. बबडीने आधी भिंतीकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे.

"हात तर तसाच आहे तुमचा," ती म्हणाली.

"तसाच आहे."

"मग आधीचा रंग?"

"मुद्दाम दिला. तू चढावरनं माघारी यावीस म्हणून."

तिने पिशवी खाली ठेवली. "मी रडले हो बाबा तुमच्यासाठी," ती म्हणाली. "म्हातारे झालात म्हणून."

पेंटरला वाटलं, चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. कारखान्यातली ती जागा एव्हाना भरली होती. त्याने चाचरत विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, की दुसरीकडे नोकरी शोधीन, पण इथे राहणार नाही.

रेडिएटर तिने स्वतः बसवला, त्याला पान्याला हात लावू दिला नाही. निघायच्या सकाळी तो सवयीने पाण्याचा डबा घेऊन गाडीपुढे आला. वाकून बघितलं, झाकण लावलं, मान हलवली. बबडी गाडीत बसली होती. ती उतरली, पुढे आली, झाकण पुन्हा उघडलं. पाणी काठोकाठ होतं. तरी तिने बोट बुडवून बघितलं.