राणीचा डुगडुगता पेला

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. बोलता बोलता मी हललो तर घाबरू नका. मला घडवणाऱ्या तांबटाने बुडावर हातोडीचा एक ठोका जास्तच दिला. तेव्हापासून मला स्वस्थ बसता येत नाही.

२००४ साली लतिकाने मला लोकरीच्या मोज्यात गुंडाळून पुण्याहून जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्गला आणले. तिचे यजमान दीनानाथ मोटारींच्या कारखान्यात कॉम्प्युटरचे काम करत. त्यांची लहानगी मुलगी अन्वी शाळेत जाई. लतिका दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत जाई आणि मी ओट्यावर डुगडुगत तिच्याकडे पाही.

मग शेजारच्या उटेबाईंनी तिला आपल्या मंडळात नेले. सुट्टीच्या दिवशी ही माणसे एका जुन्या गढीत जमत आणि मध्ययुगातल्यासारखी राहत. उटेबाई एरवी बस चालवत. गढीत त्या राणी होत्या. शरदातल्या मेजवानीला राणीच्या सेवेसाठी त्यांनी लतिकाला निवडले. तिथे काचेचे, प्लॅस्टिकचे भांडे चालत नसे, म्हणून माझीही निवड झाली.

मंडळाचे कारभारी क्राउझे शिस्तीचे. "चुकलीस, तर पुढच्या वेळी दुसरी कोणी," त्यांनी बजावले. त्या गावात लतिकाला नावाने हाक मारणारी एवढीच माणसे होती. ती गमवायची नव्हती.

राणीकडे पाठ करायची नाही. पेला देऊन तीन पावले मागे सरायचे. राणी उभी असताना बसायचे नाही. लतिका स्वयंपाकघरात सराव करी आणि मागे सरताना फ्रिजवर आदळे.

"मला कधी असा वाकून चहा दिला नाहीस," दीनानाथ म्हणाले.

"अहो, आधी मुकुट घालून या."

मेजवानीच्या दिवशी माझ्यात सफरचंदाचा रस ओतला गेला आणि क्राउझेंनी ऐनवेळी शेवटचा नियम सांगितला. राणीला देण्याआधी सेविकेने एक घोट घेऊन दाखवायचा. पूर्वी राजघराण्यांना विषाची भीती असे ना.

लतिकाने मला ओठांपर्यंत नेले आणि ती थांबली. उष्टे कसे द्यायचे? मग तिने मान मागे टाकली, मला उंच धरले आणि वरून धार तोंडात सोडली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"ओठ लागले पाहिजेत," क्राउझे म्हणाले. "नियम आहे."

"आमच्याकडे तोंड लावलेले दुसऱ्याला देत नाहीत," लतिका मोडक्या जर्मनमध्ये म्हणाली. "पाहुण्याला तर नाहीच. तुम्ही दुसरी कोणी बघा."

उटेबाईंनी तिच्याकडे पाहिले, मग क्राउझेंकडे. "आल्झो, म्हणजे विष ओठांनी कळतं की पोटात गेल्यावर?"

क्राउझेंनी बराच विचार केला. "पोटात गेल्यावर."

"गेनाऊ, बरोबर. प्यायली ना ती? द्या इकडे."

त्यानंतर चार वर्षे प्रत्येक मेजवानीला लतिका आणि मी राणीजवळ होतो. २००८ साली दीनानाथांची बदली फ्रँकफर्टला झाली. निरोपाच्या दिवशी उटेबाईंनी मला हातात घेतले, मान मागे टाकली आणि त्या वरून रस प्यायल्या. झग्यावर एक थेंब सांडला नाही. घरी त्यांनी किती सराव केला असेल, मित्रांनो!

आता मी फ्रँकफर्टच्या तळघरात एका खोक्यात आहे. माझी कल्हई उडाली आहे आणि ती लावणारा इथे कुणाला सापडत नाही. अशा पेल्यातून आंबट काही पिऊ नये, म्हणून लतिकाने मला जपून ठेवले. पण ट्राम गेली की जमीन हलते, मी खणखणतो आणि मला वाटते, कोणी न्यायला आले.

परदेशात राहणाऱ्या मित्रांनो, तुमच्या घरीही असे एखादे भांडे असेल. भारतात जाताना ते आठवणीने बॅगेत घाला, कल्हई करून आणा. बूड वाकडे असले तर असू द्या. त्यातून आधी दुसऱ्याला प्यायला द्या.